खाणीचं खळं

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल आणि पश्चिम डेव्हन हा तांब्या-कथिलाच्या जुन्या खाणींचा मुलूख आहे. या खाणींची खूण म्हणून कॅलेंडरांवर आणि पर्यटनाच्या पुस्तिकांत एकच वास्तू पुन्हा पुन्हा दिसते. माळावर एकटं उभं असलेलं, छप्पर उडालेलं दगडी इंजिनघर आणि त्याच्या कोपऱ्यातून वर गेलेलं धुराडं. खाणीत साचणारं पाणी उपसणारं वाफेचं इंजिन या घरात बसवलेलं असे. वास्तू देखणी आहे, यात वाद नाही. इंजिनाचे हादरे सोसायचे म्हणून तिच्या भिंती जाडजूड बांधल्या होत्या. त्यामुळे ती शंभर-दीडशे वर्षं ऊनपावसात टिकली, आणि टिकली म्हणून खाणीचं प्रतीक होऊन बसली. पण खाणीतून निघालेला माल पुढे जिथे जाई, तिथलं काय? नदीकाठच्या धक्क्यावर तो उतरवला जाई, प्रतीप्रमाणे वेगळा रचला जाई, त्याचा कस पाहिला जाई, तो तोलला जाई आणि मग जहाजाची वाट बघत पडून राही. साठवणीचे हे ओटे, कोठारं आणि छपऱ्या खाणउद्योगाबद्दल इंजिनघरापेक्षा जास्त सांगतात, असं माझं म्हणणं आहे. आणि नेमक्या याच जागा सर्वांत आधी मोडल्या जातात. हे म्हणणं टेमर नदीवरच्या मॉरवेलहॅम या बंद पडलेल्या धक्क्याच्या आधाराने नीट तपासून पाहता येतं.

टेमर ही डेव्हन आणि कॉर्नवॉल यांच्यामधली हद्द. प्लिमथपाशी ती समुद्राला मिळते. भरतीचं पाणी नदीत आत जिथवर चढतं, त्या शेवटच्या टप्प्याजवळ, प्लिमथपासून नदीच्या वाटेने पस्तीसेक किलोमीटरवर मॉरवेलहॅम आहे. मध्ययुगात हे टॅव्हिस्टॉकच्या मठाचं बंदर होतं. १५३९ मध्ये आठव्या हेन्रीच्या राजवटीत मठ बरखास्त झाला आणि त्याच्या जमिनी रसेल घराण्याकडे, म्हणजे पुढच्या काळातल्या बेडफर्डच्या ड्यूकांकडे गेल्या. १८०३ साली जॉन टेलर या चोवीस वर्षांच्या इंजिनिअरने टॅव्हिस्टॉकपासून इथवर कालवा खणायला घेतला. वाटेत आडवा आलेला डोंगर फोडून सुमारे अडीच किलोमीटरचा बोगदा काढावा लागला, आणि कालवा खुला व्हायला १८१७ साल उजाडलं. कालवा संपतो तो धक्क्याच्या ७० मीटरहून अधिक वर, डोंगराच्या अंगावर. तिथून खाली माल नेण्यासाठी उतारावर रूळ टाकले होते आणि त्यावरचे डबे पाणचक्कीच्या जोरावर चढत-उतरत. (याच टेलरच्या वंशजांच्या कंपनीने १८८०च्या दशकापासून आपल्याकडच्या कोलारच्या सोन्याच्या खाणींचा कारभार पाहिला.) मॉरवेलहॅमचे खरे भरभराटीचे दिवस मात्र १८४४ नंतर आले. जवळच्या जंगलात तांब्याची मोठी शीर सापडली आणि डेव्हन ग्रेट कॉन्सॉल्स ही खाण सुरू झाली. एकेक पौंडाचे १०२४ शेअर काढून उभी राहिलेली ही कंपनी थोड्याच वर्षांत युरोपातल्या सर्वांत मोठ्या तांब्याच्या खाणींत गणली जाऊ लागली आणि पौंडाचा शेअर शेकडो पौंडांना विकला जाऊ लागला. साठ वर्षांच्या आयुष्यात तिने सात लाख टनांहून अधिक तांब्याचं खनिज बाहेर काढलं. १८५८ मध्ये खाणीपासून धक्क्यापर्यंत स्वतंत्र रेल्वे आली आणि ३०० टनांपर्यंतची जहाजं लागतील अशी मोठी गोदी खणली गेली.

एवढा माल साठवायची गरज मुळात का पडली, इथून सुरुवात करायला हवी, कारण साठवणीच्या जागा मालकाच्या हौसेखातर बांधल्या जात नाहीत. पहिलं कारण कोळशाचं. तांब्याचं खनिज वितळवायला खनिजाच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त कोळसा लागे, आणि कॉर्नवॉल-डेव्हनमध्ये कोळसा नाही. त्यामुळे खनिजच कोळशाकडे न्यावं लागे. ते जहाजांनी दक्षिण वेल्समध्ये, मुख्यतः स्वॉन्सीच्या भट्ट्यांकडे जाई आणि परतीच्या फेरीत जहाजं इंजिनांसाठी कोळसा घेऊन येत. दुसरं कारण नदीचं. भरती असेल तेव्हाच जहाज वर चढणार, आणि पुढे समुद्रात वारा अनुकूल असेल तेव्हाच निघणार. खाण रोज चालते, जहाज रोज येत नाही. तिसरं कारण बाजाराचं, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचं वाटतं. खनिज दगडाच्या भावाने विकलं जात नसे. त्यात तांबं किती, यावर त्याचा भाव ठरे. त्यासाठी प्रत्येक वाटणीचा ढीग वेगळा करून, त्याचा नमुना काढून, तो वेगवेगळ्या भट्टीवाल्यांच्या पारख्यांना द्यावा लागे. पुढे ठरलेल्या दिवशी सगळ्या भट्टीवाल्यांचे प्रतिनिधी एका टेबलाभोवती बसत, प्रत्येक ढिगासाठी आपला भाव चिठ्ठीवर लिहून देत, आणि सर्वांत चढा भाव असलेल्या चिठ्ठीला माल जाई. नमुना काढल्यापासून माल जहाजात चढेपर्यंत जे दिवस जात, त्या दिवसांत ढीग जागचा हलता कामा नये, शेजारच्या ढिगात मिसळता कामा नये आणि त्यात चिखलमाती जाता कामा नये. नाहीतर कागदावरचा भाव आणि जहाजातला माल यांचा मेळ बसणार नाही.

या अटी डोक्यात ठेवून मॉरवेलहॅमच्या धक्क्याकडे पाहिलं की तिथली फरसबंदी एकदम बोलू लागते. नदीकाठची ही मोकळी जागा नुसती ठोकून सपाट केलेली नाही. तिच्यावर फरशा एकमेकींना भिडवून बसवल्या आहेत. तांब्याच्या दगडांसाठी फरसबंदी म्हणजे फुकटचा खर्च, असं वरवर वाटेल. पण खनिजाचा बराचसा ऐवज बारीक चुऱ्यात असतो. मातीच्या जमिनीवर ढीग केला तर तळाचा थर जमिनीत रुतून वाया जातो, आणि फावड्याने खरवडून घ्यायला गेलं तर मालाबरोबर माती येऊन कस उतरतो. फरशीवरून शेवटची मूठही उचलता येते. या ओट्यांच्या वर लाकडी खांबांवर उचललेले रूळ होते. वाघिणी वरून येत आणि ज्या त्या प्रतीचा माल ज्या त्या जागी खाली ओतत. मग तो ढीग उलटापालटा करून एकजीव करायचा, त्याच्या सारख्या वाटण्या घालायच्या, त्यांतली एक निवडायची आणि तिच्यातून नमुना घ्यायचा. निवड एकाच पक्षाच्या हाती राहिली तर फसवणुकीला वाव; म्हणून सगळा व्यवहार उघड्यावर, सर्वांच्या डोळ्यांदेखत. कॉर्नवॉलमध्ये फाल नदीच्या एका खाडीवर डेव्होरन नावाचं खनिजाचं जुनं बंदर आहे. तिथे याच कामासाठी दगडी आडभिंती घालून खण पाडलेले होते आणि त्यांतले काही आजही दिसतात.

आपल्याकडे शेतातलं पीक खळ्यावर येतं तेव्हाच त्याचं धान्य होतं; कोणाचा वाटा किती, हेही खळ्यावरच ठरतं. मॉरवेलहॅमचा धक्का हे त्या खाणीचं खळं होतं. जमीन बेडफर्डच्या ड्यूकची. निघालेल्या खनिजाच्या किमतीतला ठरलेला हिस्सा, सुरुवातीला पंधरावा आणि नंतर बारावा, त्याचा. नफा भागधारकांचा, आणि तो त्यांना भरभरून मिळाला: खाण बंद पडेपर्यंत सुमारे १२ लाख पौंड लाभांश वाटला गेला. तोलाईचं वजन आणि पारख्याने लावलेला कस, या दोन आकड्यांवर हे सगळे वाटे अवलंबून होते. ज्यांचा वाटा रोजाच्या मजुरीपलीकडे गेला नाही, त्यांचं कामही इथेच दिसतं. खाणीच्या तोंडाशी बायका आणि मुली हातोड्यांनी दगड फोडून चांगला माल आणि खडी वेगळी करत. धक्क्यावरचे प्रतवार ढीग त्यांच्या डोळ्यांनी आणि हातांनी पाडलेले होते. इंजिनघर आपल्याला इंजिनाची ताकद आणि इंजिनिअरची बुद्धी सांगतं. जमीनमालक, भागधारक, भट्टीवाला, खलाशी आणि दगड फोडणारी मुलगी यांना एका व्यवहारात बांधणारी जागा धक्का हीच आहे.

तांब्याला उघडा ओटा चालला. सोमलाला चालला नाही. १८६०च्या दशकात तांब्याची शीर पातळ होऊ लागली आणि भावही घसरले, तेव्हा याच खाणीने आजवर टाकून दिलेल्या खनिजाकडे मोर्चा वळवला. ते भट्टीत भाजलं की आर्सेनिकची वाफ निघते. ती लांबच लांब वळणावळणाच्या बोगद्यांतून फिरवली की थंड होऊन भिंतींवर पांढरी भुकटी धरते, तोच सोमल. कामगार नाकात कापसाचे बोळे घालून, उघड्या अंगाला माती फासून ही भुकटी खरवडत. काच, रंग, भिंतीवर चिकटवायचे हिरवे कागद, मेंढ्यांना घालायची औषधं आणि अमेरिकेतल्या शेतांवरची कीटकनाशकं यांसाठी जगभर सोमलाला मागणी होती. १८७०च्या दशकात जगाच्या आर्सेनिकचा निम्मा पुरवठा या एका खाणीतून होत असे, असं मानलं जातं. हा माल पिंपांत भरावा लागे आणि पिंपं कोरडी ठेवावी लागत, म्हणून पिंपं बनवणारे कारागीर आले आणि छपराखालची साठवण आली. मॉरवेलहॅमच्या धक्क्यावर एके काळी साऱ्या जगाला पुरेल इतकं विष पडून होतं, असं त्या भागात अजूनही सांगतात. शेजारीच मँगनीज दळायची गिरणी होती, प्लिमथकडून आलेला चुनखडक भाजायच्या चुनाभट्ट्या होत्या, खलाशांसाठी शिप इन ही खानावळ होती आणि ड्यूकने १८५०च्या दशकात बांधलेली कामगारांची घरं होती. उघडा ओटा कुठला, छपराची जागा कुठली, भट्टी कुठे आणि घरं कुठे, हे एकत्र पाहिलं की खाणीचा कारभार तांब्याकडून सोमलाकडे कसा वळला हे जमिनीवरच वाचता येतं. कागदपत्रांत हे विखुरलेलं सापडतं, तेही सापडलं तर.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप सौंदर्याचा. गोदाम ते गोदाम. चार भिंती आणि वर छप्पर, त्यात वास्तुकला कसली? हे खरंच आहे की या इमारतींना दर्शनी भाग नसतो आणि नक्षीही नसते. पण वारसा म्हणजे देखणेपणा ही समजूत औद्योगिक वास्तूंना लावली तर उद्योगाचा इतिहास मालकाच्या बंगल्यापुरता उरेल. युनेस्कोने २००६ मध्ये कॉर्नवॉल आणि पश्चिम डेव्हनच्या खाणप्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तेव्हा इंजिनघरांबरोबरच बंदरं, रेल्वे, कामगारांची वस्ती आणि टेमरचं खोरं हे सगळं त्यात धरलं. म्हणजे तत्त्व मान्य झालं आहे. तरीही व्यवहारात काय होतं, ते हेल बंदराने दाखवलं. तिथला साउथ की हा धक्का याच वारशाच्या हद्दीत येतो. त्यावर सुपरमार्केट बांधायला परवानगी मिळाली, जागतिक वारसा समितीने आक्षेप घेतला, तरी बांधकाम झालं आणि २०१४ मध्ये दुकान उघडलं. पाण्याकाठची सपाट, मोकळी, रस्त्याला लागून असलेली जागा कोणत्याही बिल्डरला हवीच असते. माळावरच्या इंजिनघराला असा ग्राहक नसतो. धक्क्याला कायद्याचं संरक्षण जास्त लागतं ते याच कारणाने.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो उडवून लावता येणार नाही. ज्या जागी विष साठवलं, जिथली माती अजूनही दूषित असू शकते आणि जिथे माणसांची फुप्फुसं झिजली, ती जागा जपून तिचा गौरव का करायचा? मला वाटतं, इथे जपणं आणि गौरव करणं या दोन गोष्टींची गल्लत होते. खाणप्रदेशातला दूषित भाग इमारत पाडल्याने शुद्ध होत नाही. पाडकामात उलट धूळ उडते आणि भराव म्हणून तेच दगडमाती दुसरीकडे जाते. पुढे पन्नास वर्षांनी तिथे कोणी घर बांधायला किंवा भाजी लावायला घेतली, तर इथे कधी सोमलाची साठवण होती हे त्याला कळणार कसं? साठवणीची जागा ओळखता येईल अशी राखणं, तिच्यावर फलक लावणं, गरज असेल तिथे ती झाकून टाकणं आणि लोकांना दूर ठेवणं, हा सार्वजनिक आरोग्याचाच भाग आहे. मजुरांच्या हालअपेष्टांचंही तसंच. त्या कशा सोसल्या गेल्या हे सांगायला त्या जागेइतका भक्कम साक्षीदार दुसरा नाही. अट एवढीच, की सांगणाऱ्याने नुसत्या टोप्या-झालरींचा देखावा मांडू नये आणि नाकातले कापसाचे बोळेही दाखवावेत.

तिसरा आक्षेप पैशाचा. १९०१ च्या सुमारास खाण बुडाली. त्याआधीच, १८५९ मध्ये टॅव्हिस्टॉकला रेल्वे आल्यापासून, नदीवरची वाहतूक उतरणीला लागली होती. मॉरवेलहॅमची गोदी गाळाने भरली. १९७० मध्ये तिथे खुलं संग्रहालय उभं राहिलं आणि गाळ उपसून गोदी पुन्हा मोकळी करण्यात आली. पण २००९ मध्ये ते चालवणारी विश्वस्त संस्था आर्थिक संकटात सापडून प्रशासकांच्या हाती गेली आणि पुढच्या वर्षी जागा खासगी मालकांनी घेतली. तेव्हा नुसत्या तिकिटांवर असा पसारा तगत नाही, हे मान्यच करायला हवं. मात्र जपायचं म्हणजे संग्रहालयच करायचं, असं कोणी ठरवून दिलेलं नाही. टॅव्हिस्टॉकच्या कालव्यावर १८८०च्या आधीच व्यापारी वाहतूक संपत आली होती, तरी तो बुजला नाही. कारण १९३०च्या दशकात त्याच्या पाण्यावर मॉरवेलहॅमला वीजघर सुरू झालं. डोंगरावरचं तेच पाणी, तोच उतार, काम नवं. त्याच नदीवर खाली कोटहील नावाचा धक्का आहे. तिथल्या जुन्या इमारतींत माहितीकेंद्र आणि चहाचं दुकान चालतं आणि धक्क्याला १८९९ सालची शॅमरॉक ही मालवाहू शिडाची नाव उभी असते. कोठाराला चार भिंती, छप्पर आणि मोठा दरवाजा असतो. म्हणजे नवा उपयोग करून घ्यायला इंजिनघरापेक्षा ते कितीतरी सोयीचं. उंच, अरुंद इंजिनघरात धड एक कार्यशाळा मावत नाही. खर्चाचा मुद्दा जर प्रामाणिकपणे मांडायचा असेल, तर तो कोठारांच्या बाजूने जातो.

हा प्रश्न आपल्या दारातही आहे. गोव्यात मांडवी आणि जुवारी या नद्यांच्या काठी लोहखनिजाच्या जेट्ट्या आहेत. खाणीतला माल ट्रकांनी जेट्टीवर, तिथे ढीग, तिथून बार्जने मुरगाव बंदरात, अशी ही साखळी कित्येक दशकं चालली. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. त्यानंतर माल खणलेला, पण न गेलेला, असा जेट्ट्यांवर आणि साठवणीच्या प्लॉटांवर पडून राहिला. तो कोणाचा, किती, कुठल्या प्रतीचा, यावरच पुढचा मोठा वाद उभा राहिला. न्यायालयाने देखरेख समिती नेमून त्या पडून असलेल्या मालाचा ई-लिलाव करायला लावला आणि २०१४ च्या सुरुवातीला लिलाव सुरू झाले. टेमरवर जे दीडशे वर्षांपूर्वी होतं, तेच इथे दिसलं: खाणीचा हिशेब शेवटी साठवणीच्या जागेवर येऊन ठरतो. २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि जेट्ट्या पुन्हा ओस पडल्या. आता नव्याने लिलाव झालेल्या काही पट्ट्यांत काम सुरू होतं आहे. पण सगळ्या जुन्या जेट्ट्या पुन्हा वापरात येतील, असं नाही. गोव्यातल्या खाणींची जखम ताजी आहे. खनिजाच्या धुळीने आणि गाळाने ज्यांची शेतं आणि विहिरी बिघडल्या, त्यांना जेट्टीचा वारसा जपा असं सांगणं आज क्रूरपणाचं वाटेल, आणि ते मी सांगतही नाही. नोंद करणं मात्र आजच शक्य आहे, कारण बार्जवर काम केलेले खलाशी, काट्यावर बसणारे कारकून आणि ढिगाचा नमुना काढणारी माणसं अजून हयात आहेत. कुठल्या जेट्टीवर कुठल्या खाणीचा माल येई, काटा कुठे होता, ढीग कसे वेगळे ठेवत, पावसाचं पाणी कुठून नदीत उतरे, हे नकाशावर मांडायला फारसा पैसा लागत नाही. त्याचा उपयोग इतिहासकाराला होईलच. पण खाजनातल्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या नदीकाठच्या शेतातल्या, ज्या शेतकऱ्याला आपल्या जमिनीत गाळ कुठून आला हे सिद्ध करायचं आहे, त्याला तो आधी होईल. यातल्या एखाद-दुसऱ्या जेट्टीची जागा पुढे राखावी की नाही, हा निर्णय काठावरच्या गावांनी घ्यावा, आणि तो घेताना हा नकाशा त्यांच्या हातात असावा.